दृष्टान्तातला रोज

यंदा वर्गात महानुभावांचे गद्य शिकताना ‘दृष्टान्तपाठा’ची ओळख झाली. श्रीचक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त केशिराजबासांनी त्यात एकत्र केले आहेत. प्रत्येकाची मांडणी त्रिपदरी आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे तत्त्वाचे वचन, दृष्टान्त म्हणजे ते पटवण्यासाठी सांगितलेली गोष्ट, आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ उकलून सूत्राशी जोडून दाखवणे. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टान्त सर्वांना ठाऊकच आहे. सरांनी हे तीन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले, आणि माझ्या मनात एकदम एक शंका आली. मी ख्रिस्ती घरात वाढले. येशूच्या अशा गोष्टी लहानपणापासून दर रविवारी ऐकत आले. आमच्याकडेही त्यांना दृष्टान्त किंवा दाखले असेच म्हणतात. पण त्यांतल्या बहुतेकांत दार्ष्टान्तिक कुठे आहे?

घरी जाऊन मत्तय, मार्क आणि लूक ही तीन शुभवर्तमाने पुन्हा चाळली. पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताला सविस्तर उकल दिलेली आहे, निदणाच्या दृष्टान्तालाही आहे. बाकी पुष्कळ ठिकाणी शेवटी एखादे वाक्य असते किंवा नुसता प्रश्न असतो. काही ठिकाणी तर गोष्ट अर्ध्यावरच सोडलेली आहे. उधळ्या मुलाचा थोरला भाऊ रागावून अंगणात उभा राहतो, बाप त्याची समजूत घालतो, आणि लूक तिथेच थांबतो. थोरला आत जेवायला गेला की नाही, हे दोन हजार वर्षांत कोणाला कळलेले नाही.

या शंकेमागे माझी एक फजितीही आहे. ती आधी सांगून टाकते.

आमचे गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केले. तेव्हापासून या भागातल्या अनेक खेड्यांत ख्रिस्ती वस्ती आणि लहानसे चर्च असते. आमच्या चर्चमध्ये तरुणांच्या सभेत आळीपाळीने कोणीतरी ‘रोजच्या जीवनातून विश्वासाचे धडे’ या विषयावर दहा मिनिटे बोलायचे, अशी पद्धत आहे. माझी पाळी आली तेव्हा मी मोबाईलवर बोलले. मोबाईल चार्ज केला नाही तर बंद पडतो, तसे प्रार्थना केली नाही तर आपले जीवन बंद पडते; चार्जरची पिन नीट बसली पाहिजे, तसे मन नीट जुळले पाहिजे, वगैरे. भाषण सर्वांना आवडले. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. मी खुशीत घरी आले. आई चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “मोबाईलचं बराबर बोललीस गं. पर त्यात येशू कशाला आणला? त्याच्याबिगर बी मोबाईल चार्ज करावाच लागतो.”

मला राग आला. पण उत्तर सुचले नाही. आज वाटते, त्या एका वाक्यात तिने माझ्या भाषणाचे संपूर्ण परीक्षण केले होते. मला प्रार्थनेविषयी जे सांगायचे होते ते आधीच ठरलेले होते. मोबाईल मी नुसता खुंटीसारखा वापरला. खुंटीच्या जागी छत्री, सायकल, कंदील, काहीही चालले असते. दार्ष्टान्तिक आधी तयार करून नंतर दृष्टान्त शोधायला निघाले, की असे होते. अशी भाषणे ऐकताना माना डोलतात, आणि चहा येईपर्यंत ती विसरली जातात.

येशूच्या दृष्टान्तांत वस्तू खुंटीसारखी येत नाही. तिथे काम येते, आणि ते काम ज्याने हाताने केले आहे त्याला लगेच त्यातली खोच कळते. याची पहिली प्रचीती मला आजोबांकडून आली. त्यांनी जन्मभर दुसऱ्याचे रान बटाईने केले. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरायला आजी असायची. पेरणाऱ्याचा दृष्टान्त त्यांना वाचून दाखवला. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत, हे ऐकताच ते उसळले. म्हणाले, “हा कसला शेतकरी! बी काय फुकट आलं होतं?” आपल्याकडे तिफणीने किंवा पाभरीने ओळीत पेरतात. चाड्यातून बी नळ्यांत आणि नळ्यांतून फणाखाली थेट तासात जाते. वाटेवर जाण्याचा प्रश्नच नाही. पॅलेस्टाईनमध्ये मात्र त्या काळी कमरेला पिशवी बांधून मुठीने बी फोकून पेरीत. एवढे समजावल्यावर आजोबा थोडे शांत झाले. तरी वाया गेलेल्या बियाची हळहळ काही गेली नाही.

गंमत अशी की, ज्या आकड्याने मूळ श्रोते चकित झाले असतील त्याने आजोबा मुळीच चकित झाले नाहीत. तीसपट, साठपट, शंभरपट पीक आले, असा तो आकडा आहे. गहू आणि सातू पिकवणाऱ्या त्या लोकांना शंभरपट म्हणजे फार मोठी गोष्ट होती. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाला शंभरपट पीक मिळाले ते परमेश्वराच्या आशीर्वादाची खूण म्हणून सांगितले आहे. पण आजोबा ज्वारीवाले. एकरी चार किलो बी आणि साल बरे असेल तर चार क्विंटल ज्वारी, हा त्यांचा साधा हिशेब. शंभरपट त्यांना रोजचीच. म्हणून त्यांचे सारे लक्ष वाया गेलेल्या तीन हिश्श्यांवर राहिले. असा बियाची पर्वा न करणारा, वाटेवरसुद्धा मूठ उधळणारा पेरणारा कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला. तो मला कोणत्याही प्रवचनात ऐकायला मिळाला नव्हता.

खमिराच्या दृष्टान्ताचेही असेच आहे. तो एका वाक्याचा आहे: एका बाईने तीन मापे पिठात खमीर घातले आणि सगळे पीठ फुगले. मूळ ग्रीक शब्द पाहिला तर तिने ते पिठात ‘लपवले’ असा अर्थ निघतो. ती तीन मापे आजच्या हिशेबाने चाळीस लिटरच्या आसपास भरतात, म्हणजे हे घरच्या चार भाकरींचे पीठ नव्हे, गावजेवणाचे आहे. शिवाय यहुदी लोक वल्हांडणाच्या सणात घरातून खमिराचा कण न् कण बाहेर काढतात, आणि खुद्द येशूनेही परूश्यांच्या खमिरापासून जपायला सांगितले आहे. म्हणजे श्रोत्यांच्या मनात खमीर काही फार सोज्ज्वळ वस्तू नव्हती. देवाच्या राज्याला नेमकी तीच उपमा दिलेली ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपल्याकडे भाकरीला खमीर लागत नाही, त्यामुळे आमच्या घरी हा दृष्टान्त विरजणाच्या वाटेनेच पोचला. चमचाभर विरजण दुधात घालून आई थंडीच्या दिवसांत पातेले जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवते, आणि सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद असते. यावर आणखी काही सांगण्याची तिला कधी गरज वाटली नाही, म्हणून मीही सांगत नाही.

हरवलेल्या नाण्याच्या दृष्टान्ताबद्दल एवढेच सांगते की, त्यातली बाई दिवा लावून घर झाडते ती वेंधळी आहे म्हणून नव्हे. त्या काळची गरिबांची घरे अंधारी असत. खिडक्या लहान, असल्या तर. आणि तिच्या दहा नाण्यांतले ते एक नाणे म्हणजे सुमारे एका दिवसाची मजुरी होती. ज्या घरात एका दिवसाची मजुरी हरवते त्या घरात काय होते, हे मी पाहिले आहे. खाटा उचलल्या जातात.

इथे थोडे विषयांतर करून लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घ्यावेसे वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे त्यांनी कशी काढली ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे शाळेतले शिक्षण काहीच नव्हते. नवऱ्याच्या नव्या धर्माचे ग्रंथ वाचून त्या बदलल्या नाहीत. त्यांचा सगळा झगडा सोवळे, पाणी, चूल, कोणाच्या हातचे खावे आणि खाऊ नये, याच गोष्टींत झाला, आणि त्याचा निकालही तिथेच लागला. म्हणूनच ख्रिस्ती नसलेला वाचकही ते पुस्तक खाली ठेवत नाही. टिळकांनीही ख्रिस्ताला माउली म्हटले आणि अभंग-ओवीत गायिले. परक्या चालीवर बेतलेल्या गीतांपेक्षा जात्यावर बसणाऱ्या बाईला ते जवळचे वाटले असेल. असो.

आता ज्या दृष्टान्तामुळे हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. तो भल्या पहाटे बाजारात जाऊन एक दिनार रोज ठरवून मजूर लावतो. पुन्हा नऊच्या सुमाराला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला एक तास राहिला असता पाचला आणखी एकदा जातो. तेव्हाही काही जण तिथे उभेच असतात. दिवसभर रिकामे का राहिलात असे विचारल्यावर ते सांगतात की, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो. संध्याकाळी कारभाऱ्याला सांगून मजुरी वाटतो, तीही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून. तासभर काम केलेल्यांना पूर्ण दिनार मिळतो. हे पाहून पहाटेपासून राबलेल्यांना जास्तीची आशा वाटते, पण त्यांनाही एकच दिनार मिळतो. ते कुरकुर करतात. धनी त्यांतल्या एकाला सांगतो की, ठरले होते तेच तुला दिले, माझ्या पैशाने मी दुसऱ्याचे भले केले तर तुला का खुपते?

मी आठवीत असताना हा भाग चर्चमध्ये वाचला गेला. घरी येईपर्यंत आई धुसफुसत होती. आई रोजाने खुरपायला जाते. त्या काळात तिच्या हाताला धरणारी बाई आमच्या वस्तीत नव्हती. तिची पात सर्वांच्या पुढे असायची, आणि मागे राहिलेल्या बायांच्या पाती ओढून काढायलाही तीच जायची. रोज मात्र सर्वांना सारखा. ती म्हणाली, “सकाळधरनं उन्हात मरायचं आम्ही, आन् उन्हं उतरल्यावर आलेलीला तेवढाच रोज? असला मालक मला नगं.” पाळकसाहेबांनी त्या दिवशी देवाच्या कृपेवर सुंदर विवेचन केले होते. दार्ष्टान्तिक अगदी चोख होते. आईवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. ती पहाटेच्या मजुरांच्या बाजूने ठामपणे उभी होती, आणि मलाही तिचेच बरोबर वाटले. अजूनही त्यात काही चूक होती असे मला म्हणवत नाही.

त्यानंतर सहा वर्षे गेली. आईचे गुडघे धरले. आता सकाळी सातला चौकात बायांना न्यायला पिकअप गाडी येते. मुकादमीण गाडीच्या मागच्या फळीशी उभी राहून नावे घेते. जागा पंधरा आणि बाया बावीस असे झाले की कोणाला वगळायचे ते तिला ठरवावे लागते, आणि ती कांद्याच्या लागवडीला भराभर वाकणाऱ्या पोरी आधी घेते. तिच्यावर माझा राग नाही. तिलाही वर मालकाला तोंड द्यायचे असते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा आई तीन वेळा दहा वाजता परत आली. भाकरीचे फडके सोडलेलेसुद्धा नव्हते. एकदा दुसरी गाडी येईल म्हणून ती बारापर्यंत थांबली होती. घरात आल्यावर ती काही बोलली नाही. फडके तसेच चुलीजवळ ठेवले आणि आडवी झाली. मी घरातली पहिलीच मुलगी कॉलेजला आलेली आहे, आणि माझी फी कोणत्या पैशांतून भरली जाते ते मला ठाऊक आहे. त्यामुळे मीही काही बोलले नाही.

आईला अक्षरओळख आहे, पण वाचन होत नाही. संध्याकाळी मी तिला एखादा अध्याय वाचून दाखवते. त्या आठवड्यात विसावा अध्याय आला. मी तो मुद्दाम काढला नव्हता, क्रमानेच आला. खरे तर वाचताना मला संकोच वाटत होता. सहा वर्षांपूर्वीचा तिचा राग माझ्या लक्षात होता. पाच वाजताच्या मजुरांपाशी आले तेव्हा तिने मला थांबवले आणि विचारले, “त्यांनी संगं भाकरी आणली व्हती का?”

मी पुन्हा पाहिले. मत्तयने तसे काही लिहिलेले नाही.

“आणलीच असंल,” ती म्हणाली. “कामावर जायचं म्हणून घरनं निघाले ना? मग आणलीच असंल. आन् खाल्ली नसंल. नुसतं हुबं राहून भाकर खाववत न्हाई.”

मी टीकाग्रंथ वाचलेले नाहीत, पण या दृष्टान्तावर याहून खरे भाष्य मला कुठे मिळेल असे वाटत नाही. त्यानंतर मी पुढचे वाचले, आणि आईने एकेक गोष्ट टिपून काढली. धन्याकडे कारभारी होता, तरी चौकात माणसे घ्यायला तो स्वतः गेला. एकदा नाही, पाच वेळा गेला. शेवटच्या वेळी गेला तेव्हा तासाभरात मळ्याचे असे काय काम होणार होते? मजुरी त्याने संध्याकाळीच दिली. हे तिला विशेष वाटले, कारण आमच्याकडे हिशेब आठवडी बाजाराच्या दिवशी होतो, आणि तोही कधी पुढच्या बाजारावर जातो. मी तिला सांगितले की, ज्याचा त्याचा रोज सूर्य मावळण्याआधी द्यावा, असा मोशेच्या नियमशास्त्रात दंडकच आहे. ती म्हणाली, “मोशे रोजानं गेलेला दिसतो.”

मग आम्ही दोघींनी हिशेब केला. बारा तासांचा दिवस आणि एक दिनार रोज, तर तासाला दिनाराचा बारावा हिस्सा. न्यायाने पाच वाजताच्या मजुराला तेवढेच मिळायला हवे होते. ते घेऊन तो घरी गेला असता. पण घरातली तोंडे काही बारावा हिस्सा होत नाहीत. दिनार म्हणजे एका दिवसाचे पोट. त्याहून कमी म्हणजे रोज नव्हे, भीक. हे धन्याच्या लक्षात आले असावे. पहाटेच्या मजुरांच्या मात्र लक्षात आले नाही, कारण त्या दिवशी त्यांचे पोट भरणार हे पहाटेच ठरले होते. दिवसभर ऊन त्यांनी सोसले हे खरे. पण ‘आज काही मिळेल का’ ही काळजी त्यांना दिवसभर करावी लागली नाही. आठवीत असताना आई आणि मी दोघींनी उन्हाचा हिशेब धरला होता, काळजीचा धरला नव्हता.

यावरून आई आता धन्याची भक्त झाली असा कोणी समज करून घेऊ नये. एका बाबतीत तिचे मत ठाम आहे: मागाहून आलेल्यांना आधी पैसे देणे ही धन्याची चूकच झाली. पहाटेच्या मजुरांना आधी वाटून वाटेला लावले असते, तर पाठीमागे काय दिले ते कोणाला कळले नसते आणि कुरकुरही झाली नसती. मी म्हणाले, कदाचित त्यांनी पाहावे म्हणूनच त्याने तसे केले असेल. ती म्हणाली, “मग उद्याच्याला पहाटं कोण येईल त्याच्याकडं? समदी पाचलाच येतील.” हा आक्षेप मी आमच्या सरांपुढे ठेवला. ते बराच वेळ हसले, आणि मग म्हणाले की अर्थशास्त्राच्या विभागात जाऊन विचार.

दृष्टान्तपाठाच्या भाषेत सांगायचे तर, या गोष्टीचे दार्ष्टान्तिक आईने एकदा पहाटेच्या मजुराच्या जागेवरून लावले आणि एकदा पाच वाजताच्या. दोन्ही वेळा गोष्ट तीच होती. पाळकसाहेबांचे दार्ष्टान्तिक या सहा वर्षांत बदललेले नाही, माझ्या मोबाईलचे तर बदलण्यासारखे काही नव्हतेच. मला वाटते, येशूने अनेक दृष्टान्तांना उकल जोडली नाही याचे कारण इथे सापडते. ती जोडली असती तर आईला दुसऱ्यांदा ऐकण्याचे कारण उरले नसते. केशिराजबासांच्या पद्धतीला मी उणे लेखत नाही. तिथे शिष्यांना तत्त्व नेमके कळणे महत्त्वाचे होते. पण चौकात उभ्या असलेल्या माणसासाठी गोष्ट सांगायची असेल, तर शेवटचे पद त्याच्यासाठी रिकामे ठेवावे लागते.

नाताळच्या सुट्टीत सभेत पुन्हा माझी पाळी आली. या वेळी मी मळ्याची गोष्ट सांगितली. चौक आमचा, पिकअप आमची आणि कांद्याचे वावर आमचे. बाकी मत्तयने लिहिले तसेच सांगितले आणि खाली बसले. सात मिनिटे झाली होती. पाळकसाहेब आणखी काही येईल म्हणून थोडा वेळ वाट पाहत राहिले. मग त्यांनी प्रार्थना घेतली.

सभा सुटल्यावर आई, मुकादमीण आणि मी एकाच वाटेने निघालो. मुकादमीण शेवटच्या बाकावर बसली होती हे मला बोलताना दिसले नव्हते. थोडे अंतर ती गप्प चालली. मग आईला म्हणाली, “पर बाई, पंधराच जागा असल्यावर त्या मालकानं काय केलं असतं?” आई म्हणाली, दुसरी गाडी केली असती. मुकादमीण म्हणाली, डिझेल कोणी घातलं असतं? त्यांचे भांडण आमच्या दारापर्यंत चालले होते, आणि मी कंदिलासारखा मोबाईल धरून पुढे चालले होते.